दहाव्यापर्यंतची मिशी

सासरे सकाळी गेले. हे अंधेरीला स्टुडिओत होते. निरोप पोचला तेव्हा मेकअप झाला होता. दुपारी हे घरी आले. नदीवर अग्नी दिला. न्हावी आला नव्हता. गुरुजी म्हणाले, "क्षौर दहाव्याला करू." माणसं घरी परतली.

न्हावी त्या दिवशी मिळाला असता तर मला लिहायला काही उरलं नसतं. हे सांगितलं तिथं बसले असते, सांगितलं तसं केलं असतं. शोकाच्या पहिल्या दिवशी माणूस विचार करत नाही. न्हावी मिळाला नाही म्हणून विचार करायला दिवस मिळाले, आणि आमच्या घरात त्या दिवसांत कुणी एका जागी बसलं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. यंदा तेही गेले. लिहायला बसते, दोन ओळी होतात, मग उठून खिडकी लावते, परत उघडते. तेव्हाही असंच होत होतं. कदाचित म्हणूनच त्या दिवसांची आठवण आधी येते.

आम्ही बोरिवलीला राहत होतो. स्टेशन सोडलं की ताडाची झाडं, भाताची खाचरं आणि मधूनमधून आमच्यासारख्यांची बैठी घरं. नवे पैसे चालू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि सासूबाई अजून आण्यांत हिशेब करत होत्या. घरात सासरे, सासूबाई, हे, मी आणि माझे धाकटे दीर. दीर बँकेत होते. ह्यांनीही फोर्टातल्या एका कचेरीत बरीच वर्षं काढली, पण त्यांचा जीव नाटकात. कोवळ्या वयात ते एका फिरत्या कंपनीत शिरले, कंपनी बुडाली तेव्हा परत आले, आणि मग दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम. नायकाचा मित्र, नायकाचा भाऊ, कधी खलनायक. नायक कधी झाले नाहीत. ते आवाजावर जगत. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, कारण शेवटच्या रांगेत सासरे बसलेले असायचे.

सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. पुढच्या रांगेचा पास मिळाला तरी ते मागे जाऊन बसत. म्हणत, "माझ्यापर्यंत आलं म्हणजे सगळ्यांपर्यंत आलं." घरी आल्यावर चपला काढता काढता सांगत, "दुसऱ्या अंकात एक 'परंतु' खाल्लास." हे चिडायचे आणि पुढच्या प्रयोगाला ते 'परंतु' खणखणीत म्हणायचे. मुलानं नाटकं करू नयेत असं सासरे कधी म्हणाले नाहीत. 'परंतु' खाऊ नये, एवढंच म्हणणं.

त्या वर्षी ह्यांना सिनेमा मिळाला. नायिकेच्या थोरल्या भावाचं काम, पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत. त्यासाठी त्यांनी कचेरी सोडली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. सासरे म्हणाले, "आता सोडलीच आहे, तर नीट कर."

नाटकात मिशी चिकटवायची असते. बारीक जाळीवर विणलेले केस, मागून डिंक. एकदा गिरगावात ऐन प्रवेशात अर्धी मिशी सुटली, तर हे उरलेला प्रवेशभर विचारात पडल्यासारखे ओठांवर हात धरून बोलले. सिनेमात ते चालणार नव्हतं. कॅमेरा जवळ आला की जाळीची कड दिसते, म्हणून दिग्दर्शकानं स्वतःची मिशी वाढवायला सांगितलं. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा मिशी ठेवली. नाटकवाल्याला स्वतःची मिशी परवडत नाही. चेहरा कोरा असला तर त्यावर काहीही चिकटवता येतं.

मिशी भरली तसं सगळ्यांच्या लक्षात आलं की हे सासऱ्यांसारखे दिसतात. सासऱ्यांची मिशी पहिल्यापासून होती, टोकं जराशी खाली. ह्यांचीही तशीच वळली. सासऱ्यांनी एकदा आरशात दोघांना शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "घ्या. इतकी वर्षं दुसऱ्यांची सोंगं केली, आता बापाचं करतोय." सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्या हसल्या, आणि पीठ लागू नये म्हणून मनगटानं पदर सारखा केला.

निम्मा सिनेमा झाला आणि सासरे गेले.

अग्नी देणाऱ्यानं दहा दिवस वेगळं राहायचं. ह्यांना ओटीवर एक घोंगडी दिली होती. त्यांना कुणी शिवायचं नाही, जेवण एकदाच. आत, सासरे गेले त्या जागी दिवा. शेजारच्या घरून भात-आमटी यायची. आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण, रत्नागिरीहून आल्या होत्या आणि आल्यापासून बोलत होत्या. सासूबाई बोलत नव्हत्या. त्या एक फडताळ रिकामं करायच्या, पुसायच्या, भरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच परत रिकामं करायच्या.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओतून प्रॉडक्शनचे एक गृहस्थ आले. ओटीच्या खाली अंगणातच उभे राहिले. सुतक म्हणून चहा विचारायचा नव्हता, त्यानं त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. ह्यांना नमस्कार केला, सासऱ्यांबद्दल चार शब्द बोलले, आणि मग ह्यांच्या डोक्याकडे बघून त्यांनी मोठा श्वास सोडला.

"साहेब, हाये तसंच हाये ना सगळं. मी तर घाबरून आलो. दिग्दर्शकसाहेब बोलले, जा पळ, बघून ये."

ह्यांनी सांगितलं, "दहाव्या दिवशी आहे."

"काय आहे?"

"मुंडन."

गृहस्थ खालच्या पायरीवर बसले. "वाट लागली," म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. दाराशी सासूबाई उभ्या होत्या.

"माफ करा, आजी. पण काय आहे ना, कंटिन्युटी असते आमची."

"म्हणजे काय?" सासूबाईंनी विचारलं. तीन दिवसांतला त्यांचा तो पहिला शब्द असेल.

"म्हणजे बघा, साहेब दरवाज्यातून आत येतात, तो शॉट झालाय. आत आल्यावर बहिणीशी बोलतात, तो बाकी आहे. दरवाज्यात मिशी आहे, आणि आत आल्यावर नाही. पब्लिक हसणार ना, आजी."

"आणि बाप मेल्यावर मुलाची मिशी जागेवर असली, तर पब्लिक हसत नाही का हो?"

गृहस्थ पायरीवरून उठले. म्हणाले, "सेट उभा आहे. हिरोइन पुढल्या महिन्यात मद्रासला जाणार. आम्हाला थांबता येत नाही. विग लावू, पण विग तो विगच." जाताना ह्यांना दोन्ही हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमचं काम झकास चाललंय. पडद्यावर बघितलंय मी."

ते गेल्यावर आत्याबाईंनी तोंड सोडलं. "मिशी म्हणजे काय वडाचं झाड आहे? काढली की येत्ये परत."

दीर म्हणाले, "येते गं आत्या, पण महिन्यात नाही येत. सिनेमा थांबत नाही."

"मग राहू दे सिनेमा. तोंडाला रंग फासणाऱ्यांना बापाचं दहावं कुठलं परवडायला?"

"तू गेल्या खेपेला दादाचं नाटक बघून रडली होतीस."

"रडले होत्ये ती त्यातल्या आईसाठी. ह्याच्यासाठी नव्हे."

हे ओटीवर सगळं ऐकत होते. त्यांचा हात मिशीकडे गेला, त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो घोंगडीखाली घेतला. त्या दहा दिवसांतला मला तो हात आठवतो. वर जायचा, परत यायचा.

गुरुजींनी वाट दाखवली होती. शास्त्रात सोय आहे, म्हणाले. केसांची एक बट कापायची आणि संकल्प सोडायचा. धाकटा सगळं करणारच आहे, लोकांच्या डोळ्यांना तेवढं पुरतं. हे त्यांनी ह्यांना आणि दिरांना सांगितलं, आणि मग आवाज खाली करून म्हणाले, "पण आईला विचारा."

आईला कुणी विचारलं नाही. तेच तर सगळं होतं. हे म्हणाले, "मी विचारणार नाही. हो म्हणाली तर माझ्यासाठी म्हणेल, नाही म्हणाली तर मी तिच्यावर राग धरीन." दीर म्हणाले, "मग मी विचारू?" हे म्हणाले, "तूही नको." मग दोघंही ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले, एक ह्या बाजूनं आणि एक त्या बाजूनं, एकमेकांना न शिवता.

त्यातच तालीम. ह्यांना पाठांतराशिवाय राहवत नसे आणि पाठांतराला मी लागे. नाटकवाल्यांकडे नक्कल असते. प्रत्येक नटाला त्याच्या कामाची वेगळी प्रत. त्यात त्याची वाक्यं पूर्ण, आणि समोरच्याच्या वाक्याचे फक्त शेवटचे शब्द, म्हणजे आपण कधी बोलायचं ते कळावं. सिनेमाला नक्कल नसते, पण ह्यांना तिच्यावाचून जमेना, म्हणून संवादांच्या कागदांवरून मी ती उतरवून दिली होती. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला वाचनाचा नाद. लग्नानंतर आमचं बोलणं बरंचसं असंच झालं, मी शेवटचे शब्द म्हणायचे आणि हे पुढचं.

सुतकात कागद त्यांच्या हातात द्यायचा नव्हता. ओटीच्या एका टोकाला मी नक्कल घेऊन बसायचे, दुसऱ्या टोकाला हे.

"'...कुणाच्या घरी जाऊ?'" मी म्हणायचे.

"हे घर तुझंच आहे. मी असेपर्यंत तुला दार बंद होणार नाही." त्यांचा आवाज अंगणापलीकडे ताडांपर्यंत गेला.

"अहो, हळू. घरात..."

"हळू म्हणजे किती हळू? तो साउंडवालाही हेच सांगतो. मला हळू येतच नाही."

त्यांनी परत म्हटलं. परत मोठं झालं. पाचव्या की सहाव्या दिवशी हे चालू असताना आतून सासूबाईंचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलं नव्हतं.

"एवढं कुणासाठी ओरडतोस? मागे बसणारे गेले ना."

हे थांबले. मग मी पुन्हा म्हटलं, "'...कुणाच्या घरी जाऊ?'" आणि ह्यांनी ते वाक्य इतक्या हळू म्हटलं की मला कान द्यावा लागला. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं.

त्यानंतर रोज सासूबाई दारात येत. ह्यांच्याशी बोलत नसत, समोर जात नसत, पण तालीम सुरू झाली की दारात उभ्या राहत आणि ह्यांच्याकडे बघत. मला वाटलं, ऐकायला येतात. त्या ऐकत नव्हत्या. ते मला नंतर कळलं.

दहाव्या दिवशी सकाळी पुरुष नदीवर निघाले. बायकांनी घरी थांबायचं. हे पुढे गेले होते. सासूबाईंनी दिरांना मागच्या दाराशी बोलावलं. मी विहिरीवर होते, मला ऐकू आलं.

"त्याला म्हणावं, बट पुरे. मी सांगितलंय म्हणावं."

दीर बघत राहिले. "आई, नक्की?"

"सांग म्हटलं ना. जा."

मी घागर तशीच ठेवून आत आले. त्या माझ्याकडे न बघता फडताळ उघडू लागल्या. मला वाटलं, किती मोठं मन. बाईनं नवरा गमावला आणि मुलाचा सिनेमा राखला. आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. पुढचे तास मी ओटी, अंगण, विहीर, परत ओटी एवढंच करत होते. आत्याबाई म्हणाल्या, "बस की गं जरा, भिंगरी झाल्येयस." बसले आणि उठले.

नदीवर काय झालं ते दिरांनी मला कितीतरी वेळा सांगितलं आहे. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांना वाटलं होतं ह्या घरी कावळा ताटकळवणार. नातेवाईक हात जोडून तयार होते, काय काय कबूल करायचं ते ठरवून आले होते. पाठ वळेपर्यंत कावळा शिवून गेलासुद्धा. एक काका जरा खट्टू झाले, म्हणे.

पण ते नंतर. आधी न्हावी. पहिल्यांदा दीर बसले. बँकेत टक्कल चालतं, म्हणाले, उलट साहेब वाटतो. डोकं झाल्यावर ते उठले आणि ह्यांच्यापाशी जाऊन म्हणाले, "दादा, आईनं सांगितलंय. बट पुरे."

"आईनं?"

"आईनं. मी दोनदा विचारलं."

हे नदीकडे बघत उभे राहिले. दिरांना वाटलं, सुटलो. मग हे जाऊन न्हाव्यासमोर बसले. न्हाव्यानं कात्री घेतली, त्याला गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. हे म्हणाले, "वस्तरा घे."

दीर म्हणाले, "अरे, दादा, वेडा आहेस का? आई स्वतः..."

"म्हणून तर," हे म्हणाले. "ती अडवते आहे असं वाटत होतं तोवर मला जागा होती भांडायला. आता कुणाशी भांडू?" आणि न्हाव्याला, "मिशीपासून सुरू कर."

दुपारी पुरुष परत आले. अंगणाच्या फाटकातून आधी दीर. त्यांचं डोकं अपेक्षितच होतं. मग काका. मग हे. क्षणभर मी ओळखलं नाही. उन्हात डोकं पांढरं, वरचा ओठ त्याहून पांढरा, आणि मधे एरवीचा रापलेला चेहरा.

सासूबाई ओटीवर आल्या. बघितलं. दहा दिवस ती बाई माणसांसमोर रडली नव्हती.

"सांगितलं होतं ना तुला," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं ना राहू दे म्हणून."

"आई, सिनेमाचं सोड..."

"सिनेमा गेला खड्ड्यात. मी सिनेमासाठी सांगितलं?" त्यांनी खांब धरला. "तेवढा एक चेहरा होता घरात. आता कुठं बघू?"

ह्यांचा हात वर गेला. ओठांवर काही नव्हतं. मग आत्याबाईंनीच सासूबाईंना आत नेलं.

तेरावं झाल्यावर हे अंधेरीला गेले. विग लावला, मिशी चिकटवली, कॅमेरा जवळ आला आणि जाळी दिसली. दिग्दर्शक भला माणूस होता, त्यानं आरडाओरडा केला नाही. उरलेली दृश्यं पाठमोरी घेतली. हे दारात उभे, बहीण समोर, कॅमेरा ह्यांच्या मागे. आवाज तेवढा त्यांचा. साउंडवाल्यानं त्यांना एकदाही हळू बोला म्हणून सांगितलं नाही. बऱ्याच संवादांना कात्री लागली. पोस्टरवर ज्या जागी नाव येणार होतं तिथं दुसऱ्या कुणाचं आलं.

सिनेमा लागला तो पावसाळ्यानंतर. मिशी काढण्याआधी केलेली दृश्यं बहुतेक मध्यंतराच्या आधीची होती. घरातले सगळे एकदा जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "येतेस का गं माझ्याबरोबर?" मी गेले. मध्यंतर झालं, दिवे लागले, त्या उठल्या.

"आई, अजून निम्मा आहे."

"पुढं नाहीये तो," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून निघाल्या.

त्या कुणाबद्दल म्हणाल्या, मी विचारलं नाही. सिनेमा होता तोवर आम्ही दोघी जात राहिलो, दुपारच्या खेळाला, आणि दर वेळी मध्यंतराला बाहेर पडत राहिलो. दारावरचा माणूस हसायचा. "आजी, शेवट गोड आहे, बघून तरी जा." सासूबाई म्हणायच्या, "तुलाच लखलाभ."

सिनेमा उतरला तोवर ह्यांची मिशी परत आली होती. टोकं खाली, तशीच. एका सकाळी सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि कप हातात देताना नीट बघून घेतलं. त्यानंतर कुणी कितीही सांगितलं तरी त्यांनी मिशी काढली नाही. एका कंपनीनं चांगलं काम देऊ केलं, तरुण वकिलाचं, चेहरा साफ हवा होता. हे नको म्हणाले. "अहो, मिशीसाठी?" मी म्हटलं. "मिशीसाठी," ते म्हणाले. स्वतःच्या मिशीवर दुसरी चिकटवता येत नाही. मग त्यांना मिशीवाल्यांचीच कामं मिळाली. फौजदार, दिवाण, आणि वय व्हायच्या आत बाप. नाटकात आणि सिनेमात मिळून त्यांनी किती मुलींची लग्नं लावली असतील कोण जाणे. दिवाणाचे दोन प्रवेश करून घरी आले की ओटीवर येरझाऱ्या घालत. नायकाची वाक्यं त्यांना पाठ असायची. ती ते पुटपुटत. आत सासूबाई झोपाळ्यावर बसून त्यांच्याकडे बघत.

सासूबाई गेल्या तेव्हा न्हावी वेळेवर आला. हे निमूट बसले. पुन्हा मिशी ठेवली नाही. पण तोपर्यंत कोऱ्या चेहऱ्यावर काही चिकटवायला बोलावणारं कुणी उरलं नव्हतं.

ह्या वर्षी हे गेले. आमच्या मुलानं अग्नी दिला. त्याच्या केसांबद्दल कुणी विचारलं नाही, त्यानंही नाही. दीर तेवढे म्हणाले, "वहिनी, बट तरी?" आणि मग स्वतःच हात हलवून म्हणाले, "जाऊ दे."

सिनेमाची प्रत आता कुठे नाही, मी विचारून पाहिलं. त्यातला एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात हे पाठमोरे आहेत आणि केस विगाचे आहेत. आणि मी उतरवलेल्या नकला आहेत. त्यांत त्यांची वाक्यं पूर्ण आहेत, बाकीच्यांच्या वाक्यांचे फक्त शेवटचे शब्द.